पिवळी रेघ

माझ्या भावोजींना सगळे 'हळू' म्हणतात. हे नाव त्यांना बस डेपोतल्या ड्रायव्हरांनी ठेवलं. तीस वर्षं भावोजी तिथे मेकॅनिक होते आणि दुरुस्त झालेली बस फाटकातून बाहेर पडताना तिच्या पत्र्यावर दोनदा थाप मारून म्हणायचे, "हळू." ड्रायव्हर चिडवायचे, वेळापत्रक पाळू की तुमचं ऐकू, म्हणायचे. भावोजींवर परिणाम शून्य. माझी ताई भाजी चिरायला बसली तरी हळू, मी जिना उतरायला लागलो तरी हळू. भाची जन्मली तेव्हा नर्स तिला गुंडाळून बाहेर घेऊन आली, आणि बापाच्या तोंडून लेकीसाठी निघालेला पहिला शब्द हाच होता. ताई म्हणते, तेव्हापासून पोरगी जी सुसाट सुटली ती सुटलीच.

भावोजी भित्रे आहेत म्हटलं तर अन्याय होईल आणि नाहीत म्हटलं तर थाप होईल. डेपोतल्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी चाकाचं काम केलेली एक बस उतारावरून जाऊन भिंतीला धडकली. ड्रायव्हरचा पाय कायमचा अधू झाला. चौकशी बसली. शेवटी सगळे बोल्ट जागच्या जागी, घट्ट सापडले, दोष खचलेल्या रस्त्याचा निघाला आणि भावोजी सुटले. पण निकाल यायच्या आधी नऊ दिवस गेले होते, आणि त्या नऊ दिवसांत त्यांना काही केल्या आठवत नव्हतं, की आपण शेवटचा बोल्ट आवळला होता की नाही. मी तेव्हा शिकायला त्यांच्याच घरी राहत होतो. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आवळला असेल." पलंगाच्या कडेवर बसून रिकामं मनगट हवेत फिरवत राहायचे, जणू हातात पाना आहे. अन्न समोर तसंच पडून राहायचं. इतका घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि मला त्यांच्या खोलीत जायचीही भीती वाटायची.

त्यानंतर पिवळा रंग आला. बोल्ट आवळून झाला, की बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर बारक्या ब्रशने एक पिवळी रेघ ओढायची, आणि तिचं टोक उजव्या अंगठ्याने दाबून पुसायचं. रेघ सलग असेल तर बोल्ट जागेवर आहे. रेघ मध्येच तुटून सरकलेली दिसली तर बोल्ट फिरला. अशा रेघा पुढे आणखी कुठे कुठे मारतात ते मी पाहिलंय, पण अंगठ्याने टोक पुसायची खोड फक्त यांची. "आठवण खोटं बोलते, रेघ बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नोकरीभर तो अंगठा पिवळाच होता. निवृत्तीनंतर हळूहळू रंग गेला, आणि ताईला म्हणे पहिल्यांदा कळलं की नवऱ्याची नखं तशी बरी आहेत.

आता माझ्याबद्दल. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि ताईच्या मते स्वभावही. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर हौशी मोटारवाल्यांचा एक क्लब महिन्यातल्या एका रविवारी शर्यती घेतो. शिक्षक, शिंपी, दंतवैद्य, आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन येतात. या क्लबची नियमपुस्तिका मी लिहिली, मीच तपासली, आणि तिच्यात एकही चूक नाही असं मी लोकांना न विचारता सांगायचो. साहजिकच शर्यतीआधी गाड्या तपासायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तपासनीस बघतो ते मुख्यतः गाडीच्या पोटाखाली. आमच्याकडे दोन गट आहेत. कारखान्यातून आली तशीच गाडी असेल, तर ती मूळ गटात. शॉकअब्सॉर्बर झिजतात, म्हणून ते बदललेले चालतात. पण स्प्रिंगा बदलल्या, गाडी खाली बसवली, सांध्यांतल्या रबरी बुशच्या जागी कडक बुश घातले, किंवा स्टॅबिलायझर बार बदलला, की गाडी उचलून सुधारित गटात. स्टॅबिलायझर बार म्हणजे पुढच्या दोन चाकांमधली वाकडी लोखंडी दांडी. वळणावर गाडी कलायला लागली की ती तिला आवरून धरते. दांडी जाड असेल तर गाडी कमी कलते आणि वळण जास्त वेगाने घेता येतं. एवढ्याशा फरकाने गट का बदलतो, म्हणून लोक माझ्याशी वाद घालतात. मी त्यांना पुस्तिकेचा परिच्छेद क्रमांक सांगतो.

आणि गट बदलणं हे कागदावरचं प्रकरण नाही. मूळ गटात एका वेळी एकच गाडी सुटते, नारिंगी शंकूंमधून वळणं घेते, आणि तिचं भांडण फक्त घड्याळाशी असतं. सुधारित गटात आठ गाड्या एकदम सुटतात, दहा फेऱ्या, दाराला दार लावून. तिथे मी लोकांना हात गळ्यात बांधून घरी जाताना पाहिलंय.

माझी भाची एका प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि दहा वर्षांची निळी छोटी गाडी चालवते. दोन वर्षं ती मूळ गटात पहिली-दुसरी येत होती आणि सुधारित गटाकडे डोळे लावून बसली होती. तो विषय निघाला की भावोजी ताटावरून उठायचे. शेवटी बाप-लेकीचा करार झाला, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. भावोजी म्हणाले, "गाडी ज्या गटात, तू त्या गटात." भाचीने मान्य केलं. बापाला वाटलं आपण डाव जिंकला, कारण गाडीला पाना फक्त त्यांचाच लागायचा, आणि ते काही बदलणार नव्हते.

त्या रविवारी सकाळी निळी गाडी रॅम्पवर चढवली आणि मी टॉर्च घेऊन खाली सरकलो. स्प्रिंगा ठीक. बुश ठीक. मग टॉर्च पुढे नेला आणि माझा हात थांबला. स्टॅबिलायझर बार मूळ बारपेक्षा चांगलाच जाड होता. त्याच्या एकूणएक बोल्टवर पिवळी रेघ होती, ऐटीत, टोक अंगठ्याने पुसलेलं.

भावोजी शेजारीच उकिडवे बसले होते. बाहेर जायचं म्हणून हात स्वच्छ धुऊन आले होते. मी विचारलं, हा बार कुठला. त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं, की भंगारातून आणला, याच गाडीच्या डिझेल मॉडेलचा आहे, वजनदार इंजिनसाठी केलेला, म्हणून जाड.

"भावोजी, पुस्तिका वाचलीत ना?"

"वाचली. वेग वाढवायला केलेले बदल चालत नाहीत. मी वेगासाठी नाही घातला. भीतीसाठी घातला."

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. मागच्या महिन्यात शंकूंच्या शेवटच्या वळणावर गाडीचं मागचं आतलं चाक जमिनीवरून वीतभर उचललं गेलं होतं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, भाचीच्याही नाही. यांनी पाहिलं. त्या दिवसापासून डोळे मिटले की चाक उचललेलं दिसायचं, आणि पुढे गाडी उलटलेली. म्हणून बार. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. लपवणारा माणूस पिवळी रेघ मारत नाही.

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. इतक्या वर्षांचा मेकॅनिक, आणि एवढं कळू नये? भीतीपोटी गाडी सुरक्षित करायला गेले आणि लेकीला नेऊन घातलं आठ गाड्यांच्या गर्दीत. माझ्या पुस्तिकेत भीतीसाठी परिच्छेद नव्हता. बार बदलला म्हणजे सुधारित गट, कारण काहीही असो. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तोवर त्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, मी शपथेवर सांगतो.

तपासणी बंद व्हायला पाऊण तास होता. जुना बार डिकीत होता, गोणपाटात गुंडाळलेला. भावोजी काही फेकत नाहीत. मी म्हटलं, आत्ता बदला, मी मूळ गट लिहितो. ते पाना घेऊन खाली सरकले आणि मी बाकीच्या गाड्यांकडे गेलो.

दहा मिनिटांनी परत आलो तर भाची गाडीजवळ उभी होती आणि गाडीखालून भावोजींचे नुसते पाय दिसत होते. तिने बापाकडून सगळं ऐकून घेतलं होतं. मला विचारलं, "मामा, गाडी आत्ता आहे तशी, तर काय लिहिणार?"

"सुधारित."

ती उकिडवी बसली आणि गाडीखाली वाकून म्हणाली, "बाबा, शब्द कुणाचा होता?"

 खाली पान्याचा आवाज थांबला. मग उत्तर आलं, "माझा."

"मग तो बार राहू दे. जुना घालून तुम्हाला ते चाक उचललेलंच दिसणार. हा राहिला तर मी तिकडे जाणार. घाबरणार तुम्ही दोन्हीकडे. मग मला हवं तिकडे जाऊ द्या."

भावोजींनी वाद घातला नाही. आणखी चार-पाच मिनिटं ते खालीच होते, हत्यारं गोळा करत असतील असं मी धरून चाललो. बाहेर आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मी कार्डावर सुधारित गट लिहिलं, सही केली. माझ्याच पुस्तिकेत एक नियम आहे: तपासणी चालू असताना गाडीला पाना लागला, तर तपासनीसाने गाडी पुन्हा पाहावी. मी पाहिली नाही. भावोजींच्या त्या चेहऱ्याशेजारी आडवं होऊन टॉर्च मारायची मला लाज वाटली.

अकराला गाड्या रांगेत लागल्या. मी भावोजींना आधीच बजावलं होतं, की या गटात जो हळू जातो त्यालाच मागून धडक बसते, तेव्हा आज तिला तो शब्द बोलू नका. ते खिडकीपाशी वाकले. पत्र्यावर दोनदा थाप मारली. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भाचीने मान हलवली आणि काच वर केली.

आम्ही दोघं तारेच्या जाळीपाशी उभे राहिलो. झेंडा पडला आणि आठ गाड्या एकदम पहिल्या वळणात घुसल्या. मी क्लबात इतकी वर्षं आहे, पण आपलं माणूस त्या आठांत असलं की आवाज वेगळा ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. भावोजींनी उजव्या हाताने जाळी घट्ट धरली होती. दुसऱ्या फेरीत भाची पाचवी होती, तिसरीत चौथी. निळी गाडी वळणावर अजिबात कलत नव्हती. मी त्यांना बरं वाटावं म्हणून ते बोलून दाखवलं.

भावोजी समोर बघत म्हणाले, "डावीकडचा खालचा मी सोडवला होता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बार काढायला त्यांनी सुरुवात केली होती. पहिला बोल्ट सैल केला होता, तेवढ्यात भाची आली.

"मग परत आवळलात ना?"

"आवळला असेल."

हे दोन शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. त्यांचा डावा हात हवेत उचलला गेला होता आणि मनगट फिरत होतं, पाना नसताना.

मी विचारलं, निघाला तर काय होईल. त्यांनी शांतपणे सांगितलं. बोल्ट लगेच नाही निघणार. थरथरीने चार-पाच फेऱ्यांत निघेल. मग बारचं टोक सुटून चाकाच्या आतल्या बाजूला लागेल. टायर फाटेल. सरळ रस्त्यावर झालं तर गाडी थांबेल. वळणात झालं तर मागे गाड्या आहेत.

शर्यत थांबवायचा अधिकार तपासनीसाला आहे. लाल झेंडा दाखवायला सांगायचं, बस. पण पाचवी फेरी सुरू होती आणि भाची तिसरी होती. दोन वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती. बोल्ट घट्ट असेल तर ती मला जन्मात माफ करणार नाही. आणि सैल असेल तर? मी पुन्हा गाडीखाली गेलो नाही, हे मला कोण माफ करणार होतं? अक्षरांच्या जंगलातून सुटलेला अनुस्वार हुडकणारा मी, एका बोल्टकडे बघायला वाकलो नाही. पाचवी फेरी गेली. सहावी सुरू झाली. मी तिथेच उभा होतो आणि दर वेळी निळी गाडी समोरून गेली की तिच्या डाव्या चाकाकडे बघत होतो, जणू काही त्या वेगात मला काही दिसणार होतं.

सातव्या फेरीत पलीकडच्या वळणावर पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज आला. धूळ उठली. धुळीतून आधी एक पांढरी गाडी बाहेर आली. निळी दिसेना. भावोजींनी डोळे मिटून घेतले आणि मला विचारलं, "तिची आहे का?"  निळी धुळीतून बाहेर आली होती, पण ते सांगायला मी थांबलो नाही. मी पळत सुटलो होतो. या वयात, चपला हातात घेऊन, झेंडेवाल्याच्या मचाणाकडे, आणि बोंबलत होतो की लाल दाखव.

गाड्या थांबल्या. भाची उतरली, हेल्मेट काढलं. घासल्या होत्या त्या दुसऱ्याच दोन गाड्या, आणि त्या गोंधळात ती दुसरी झाली होती. पहिल्या गाडीपासून हाताच्या अंतरावर. तिने विचारलं, कशासाठी. मी धापा टाकत बोल्टचं सांगितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या खिशातला टॉर्च घेतला, गाडी रॅम्पवर चढवली आणि स्वतः खाली सरकली. बराच वेळ तिचे पाय हलले नाहीत. 

मग ती म्हणाली, "मामा, खाली या."

मी तिच्या शेजारी आडवा झालो. डावीकडचा खालचा बोल्ट जागेवर होता. मी पाना लावून पाहिला, तसूभरही हलला नाही. जुन्या रेघेवर एक नवी पिवळी रेघ होती, सलग, ताजी. टोक अंगठ्याने दाबून पुसलेलं. मी बोट लावलं तर अजून चिकट लागत होतं. त्या चार-पाच मिनिटांत भावोजींचं डोकं भीतीने बधिर झालं असेल, पण हातांनी सवयीने बोल्ट आवळला होता, खिशातली रंगाची बाटली काढली होती, रेघ ओढली होती.

भाची उठली आणि चालत जाळीपाशी गेली. भावोजी तिथेच होते, डोळे मिटलेले, उजव्या हाताने तार धरलेली. ते एक पाऊलही हलले नव्हते. त्यांनी जिथे जिथे जाळी धरली होती तिथे तारेवर पिवळे ठिपके उमटले होते, माझ्या नाकासमोर, सात फेऱ्या. भाचीने जाळीतून बोटं घातली आणि त्यांचा हात सोडवून अंगठा उताणा केला. तो पिवळाधमक होता.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी आधी हात बघा."

भावोजींनी डोळे उघडून अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा असावा तसं पाहिलं. मग ते गवतात बसून रडायला लागले. आठवण खोटं बोलते म्हणून ज्या माणसाने आयुष्यभर रेघा मारल्या, त्याने ऐन वेळी विश्वास ठेवला तो आठवणीवरच. मीही त्यांच्या शेजारी बसलो. 

आठ फेऱ्या पुऱ्या व्हायच्या आत शर्यत थांबली तर निकाल धरायचा नाही, हा नियमही माझाच. भाचीचा दुसरा नंबर त्यात गेला. अहवालात शर्यत थांबवण्याचं कारण लिहायची जागा असते. तिथे मी 'तपासनीसाची चूक' असं लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

बार अजून तोच आहे, आणि कार्डावर सुधारित गट. भावोजी दर महिन्याला येतात. गाड्या रांगेत लागल्या की पत्र्यावर दोनदा थाप मारतात, शब्द गिळतात, आणि जाळीपाशी येऊन आधी स्वतःचा अंगठा बघतात. मग डोळे मिटतात. मीही आता गाडीखाली दोनदा जातो, कुणाचा चेहरा कसाही असो, आणि नंतर त्यांच्या शेजारी उभा राहून तोच अंगठा बघतो. तो पिवळा असतो. तरी दहावी फेरी संपेपर्यंत मी निळ्या गाडीचं डावं चाक बघत राहतो.